बावन्न घरांचे दिवे

१२ ऑक्टोबर, रविवार

ही डायरी तुयेच्या एका कारखान्याने भेट दिलेली. त्यांच्या वार्षिक कार्यक्रमाचं स्टेज, फुग्यांची कमान आणि तीन मजली केक मी केला होता. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक बोल्ट छापलाय. नऊ महिन्यांची पानं कोरी, कारण माझं आयुष्य म्हणजे बारशी, वाढदिवस आणि साहेबांचे निरोप समारंभ. त्यात लिहायचं काय, कपाळ? आज मात्र लिहायला बसलेय.

दुपारी साईश आला. साईश म्हणजे माझा चुलतभाऊ, तळेवाड्याच्या उत्सव समितीचा अध्यक्ष. धारगळला हायवेच्या कडेला माझं दुकान आहे, त्याच्या दारातूनच म्हणाला, "सुविधाताई, औंदा पुनवेचे दिवे तू कर."

माझ्या हातातली रिबीन सुटली ती पार रस्त्यापर्यंत गेली.

मयेच्या पुढे, डोंगराला टेकून आमचा तळेवाडा, माझं माहेर. त्रिपुरी पुनवेला तिथे देवळाच्या तळीत दिवे सोडतात. घरं बावन्न, दिवे बावन्न. घराघराची पणती यायची, आणि मानकऱ्याने कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ती सुपारीच्या पोवलीच्या, म्हणजे झावळीच्या रुंद देठाच्या होडीत ठेवायची, घराचं नाव घ्यायचं, सोडायची. लहानपणी मी पायऱ्यांवर बसून बघता बघता झोपून जायचे. कुणीतरी उचलून घरी न्यायचं. पुष्कळ वर्षं मला वाटत होतं, हे दिवे झोपेतच सुटतात.

पाच वर्षं झाली, ते सुटलेले नाहीत. आधी दोन वर्षं साथ, आणि मग तीन वर्षं दर कार्तिकात वाड्यावर कुणीतरी गेलं. बावन्नांतल्या एका घरात जरी सुतक आलं तरी दिवे बंद, हा नियम. आता वडीलधाऱ्यांनी ठरवलंय की यंदाही चुकलं तर देवीची इच्छा नाही असं समजायचं, नारळ ठेवून माफी मागायची आणि रीत कायमची बंद करायची.

मी ताबडतोब हो म्हटलं. सर्वेश, माझा नवरा, म्हणाला, "नवऱ्याला विचारलंस तरी का?" म्हटलं, लग्नाला हो म्हणतानाही विचार केला नव्हता, ते निभलंच ना.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मोजमाप घ्यायला तळीवर गेले. जयरामकाका एकटेच पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडत होते. मानकरी ते, वय बहात्तर, पण पाठ अजून ताठ. बोलणं मात्र मोजून मापून, शब्दाला जणू रेशन लागतं.

"काकी कुठेत?"

"हॉस्पिटलात. पोटाचें."

"बऱ्या आहेत ना?"

"बरी आसा," म्हणाले आणि पुन्हा खरवडायला लागले.

मी वरच्या पायरीवर टेकले. पाणी हिरवं, वर माडांची सावली, कुठेतरी एक भारद्वाज घुमत होता. डोळे अर्धे मिटले आणि सगळं दिसायला लागलं: पालखी कुठून येणार, बायका कुठे बसणार, दिवे कुठल्या कोपऱ्यातून वळणार. असं दिसायला लागलं की मी उठतच नाही. शेवटी गणपत आला. गणपत माझ्याकडे मंडपाचं काम करतो, चंदगडकडचा. म्हणाला, "म्याडम, टेप पर्समधीच हाय. दोन तास झालं."

१९ ऑक्टोबर, रविवार

कंपन्यांच्या कार्यक्रमाआधी मी एक कागद करते, काय काय बिघडू शकतं त्याचा. पाऊस, वीज, पाहुणे उशिरा. इथे बिघडण्यासारखी गोष्ट एकच. म्हणून आज साईशने आणि मी सत्तरीच्या वरच्या माणसांची यादी केली. सत्तावीस निघाली. साईश रक्तदाब मोजायचं मशीन घेऊन दारोदार फिरला.

शिवदासआबा, वय एक्याण्णव, खोकला. त्यांनी साईशला खडसावलं, "मरतलों जाल्यार पुनवे उपरांत मरतलों, बरयून घे!" साईशने खरंच लिहून घेतलं. जयरामकाकांच्या सरस्वतीकाकी, अडुसष्ट, पण आजारी म्हणून यादीत घेतल्या. पुढे लिहिलं: पोट. जयरामकाकांनी सांगितलं, बरी आसा. टिक.

हसून हसून पोट दुखलं. घरी येताना मात्र स्कूटरवर लाज वाटली. माणसं काय खुर्च्या आहेत मोजायला? पण मग पुन्हा तळी दिसायला लागली आणि लाज विसरले.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

भावाला ओवाळून काकींकडे धावले. त्यांना घरी आणलंय! डॉक्टरच म्हणाले म्हणे, आता घरी न्या. एवढं मोठं दुखणं आणि पंधरा दिवसांत घरी, मी तर टाळ्याच वाजवल्या. गौरवी, त्यांची मुलगी, चहा टाकायला आत गेली. तिला महिनाभर रजा मिळालीय बँकेतून. नशीबवान आहे, मला कोण देतं रजा!

काकी बारीक झाल्यात खूप. लहानपणी शाळेतून येताना मी त्यांच्या ओसरीवर थांबायचे. पाववाल्या पोदेराने आणलेला गरम उंडो पाव त्या मधोमध फोडायच्या, त्यात लोणी घालायच्या आणि म्हणायच्या, आवशीक सांगूं नाका. माझ्या आईला सगळं ठाऊक असायचं. आज मी त्यांचा हात हातात घेऊन बसले. त्यांनी विचारलं, "किती दीस उरले गो?"

"तेरा, काकी."

त्यांनी बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं. "तेरा," म्हणाल्या, "जमतलें."

कसला उत्साह! मी सांगितलं, तुमची खुर्ची अगदी पुढे ठेवणार, उशी घालून. त्या हसल्या. जयरामकाका दारात उभे होते, ते एकदम वळून परसात गेले. माणसाला बायकोचं कौतुक बघवत नाही की काय!

२७ ऑक्टोबर, सोमवार

पाऊस. कार्तिकात पाऊस, याला काय म्हणावं! दुकानात गिऱ्हाईक नाही. काउंटरवर डोकं ठेवलं आणि स्वप्न पडलं. तळीत पाणी नव्हतंच, नुसता उजेड होता, कमरेपर्यंत, कोमट. मी त्यातून चालत होते आणि कुणीतरी पायऱ्यांवरून एकेका घराचं नाव घेत होतं. जागी झाले तर गालावर कॅल्क्युलेटरची बटणं उमटलेली.

३० ऑक्टोबर, गुरुवार

ऊन पडलं. पोवल्या भिजवून, कापून, होड्या शिवून झाल्या. गणपतने साठ केल्या, आठ जास्त, असू देत.

काकी सारख्या झोपूनच असतात. पेजेचं पाणी सोडून काही घेत नाहीत. पुनवेपर्यंत उपास धरला असणार, त्यांचं देवधर्माचं फार. मी गेले तेव्हा डोळे उघडून नुसती बोटं हलवली. मला कळलं. म्हटलं, "सहा." त्यांनी मान हलवली आणि श्वास सोडला. गौरवी खिडकीकडे तोंड करून उभी होती.

खरं सांगू? मला भीती वाटते. काकींची नाही, शिवदासआबांची. आज त्यांचा खोकला तळीपर्यंत ऐकू येत होता. वर्षभर किती कार्यक्रम करते मी, चुकला तर चुकला, केक बदलता येतो. हे चुकलं तर पुढल्या वर्षी परत करता येणार नाही. मग ज्या पायऱ्यांवर मी झोपले, तिथे कुणाचंच पोर झोपणार नाही. हे मला सहन होणार नाही, एवढंच.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सत्तावीसच्या सत्तावीस टिक. साईशने यादीला नमस्कार केला.

काकींच्या कानाशी जाऊन सांगितलं, "उद्या हां, काकी." ओठ हलले. गौरवीने ऐकून मला सांगितलं, "सांज जायसर म्हणता." म्हणजे संध्याकाळपर्यंत. हो हो, म्हटलं, संध्याकाळीच आहे, मी स्वतः न्यायला येते तुम्हाला.

६ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ

घोडं गंगेत न्हालं! दिवे सुटले! पण कालचं सगळं नीट क्रमाने लिहिते, नाहीतर मला पुढे वाटेल की हेही झोपेतच झालं.

काल चारला मी काकींना आणायला गेले. दार लोटलेलं, खिडक्या बंद. गौरवी फटीतून म्हणाली, "आई निजलीय. उठवूं नाका." डोळे लाल तिचे. रात्रभर जागी म्हणाली. मी हिरमुसले. तेरा दिवस मोजले आणि ऐनवेळी झोपल्या! उशीची खुर्ची तशीच परत आणली. गणपत कमानीवर चढला होता, तो वरून म्हणाला, "म्याडम, त्या घरातनं आज धूर न्हाई निघाला. रोज या वक्ताला न्हाणीचा निघतोय." म्हटलं, बाबा रे, तू दिवे मोज, धूर मोजू नको.

साडेपाचला देवळातून पालखी निघाली. ढोल वाजत होते, बायका पणत्या घेऊन पायऱ्यांवर, सगळं मला दिसलं होतं तसंच्या तसं. आणि मानकऱ्याचा पत्ता नाही. बघते तर जयरामकाका तळीच्या कुंपणाबाहेर, कुळागराच्या, सुपारीच्या बागेच्या कडेला. अंगावर मानाचा लाल शेला नाही, उघडं डोकं. माइकवरून दोनदा पुकारलं. हलले नाहीत. मग मीच पहिल्या पणतीचं तबक घेऊन गेले.

"काका, चला!"

"माझो हात दुखता. आज तूं देंव उदकांत."

"मी उतरू? पाण्यात? मानकरी तुम्ही!" मी तबक पुढे केलं, तर ते दोन पावलं मागे सरले. शिवायला तयार नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "पाच वर्षांनी दिवस उजाडला आणि मानकरी अंग चोरतात! मान घ्यायला पुढे आणि पाण्यात उतरायला मागे, हे शोभतं का तुम्हाला?"

बिनवायरचा माइक हातात चालूच होता. माडामाडांवर लावलेल्या सगळ्या स्पीकरांतून ते गेलं. ढोल थांबले.  माझं बोलणं सगळ्यांना पटलं, असं मला वाटलं.

काका एवढंच म्हणाले, "वेळ जाता, बाये. देंव."

देवळाचे श्रीनाथभट पुढे आले. त्यांनी काकांकडे बघितलं, मग वर टेकाडावर काकांच्या बंद घराकडे बघितलं, बराच वेळ. मग म्हणाले, "माहेरवाशीण ती. उतरूं दे." आणि गाऱ्हाणं त्यांनीच घातलं.

मी नव्या साडीसकट उतरले. पाणी वर थंड आणि खाली कोमट. पाय ठेवला तिथून बुडबुडे वर आले. घरांची नावं घेत मी दिवे सोडू लागले. पहिले अकरा विझले. जोरात ढकलायचे मी, रागच होता ना हातात. दोन तर कलंडले.  मग हळूहळू राग कुठे गेला कळलंच नाही. चंद्र माडांच्या वर आला. दिवे आपले आपण रांग धरून निघाले, वळले, पांगले. माझ्या भोवती सगळीकडे ते होते. मला माझे हात दिसत होते, पण ते माझेच आहेत असं वाटत नव्हतं. नाव कुणीतरी घ्यायचं, मीच बहुधा, आणि एक दिवा जायचा. वाटलं, असंच कुणीतरी नावं घेत राहावं, मी इथेच उभं राहावं, उद्या होऊच नये.

एक्कावन्न झाले. बावन्नावा आलाच नाही. जयरामकाकांच्या घरचा. याला आळस म्हणू की आकस? शेवटी श्रीनाथभटांनी खुणेने सांगितलं, पुरे, वर ये.

तरी सुटले! अजून बोटांना तेलाचा वास आहे. साईशचा फोन येतोय, बघते.

६ नोव्हेंबर, संध्याकाळ

काकी काल दुपारी तीन वाजता गेल्या.

मी चारला गेले तेव्हा काकी त्याच दाराच्या आत होत्या.

गौरवीने सांगितलं. काकांनी खिडक्या लावल्या, चूल पेटवू दिली नाही आणि म्हणाले, दिवे सुटले की मग रडायचं. ती आईजवळ बसून राहिली, पदर तोंडात धरून. सुतकात देवाच्या पाण्याला शिवायचं नाही म्हणून काका कुंपणाबाहेर उभे राहिले. पण आलेच नाहीत तर वाड्याला संशय येईल, म्हणून येऊन उभे राहिले. आणि मी त्यांना काय काय बोलले. एक स्पीकर त्यांच्या घराजवळच्या माडावर होता. माझा तो आवाज आत गेला. गौरवीने ऐकला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते काय असतं, ते आज मला कळलं.

सकाळी स्मशानातून परतल्यावर वडीलधारे देवळाबाहेर बसले. दिवे धरायचे की नाही? एकजण म्हणाला, सुतकातले दिवे ते. श्रीनाथभट म्हणाले, "सुतक कानार पडल्या उपरांत. सांजेक माझ्या कानार कोणें घातलें? तुमच्या?"  मग शिवदासआबा खोकत खोकत उठले आणि म्हणाले, "दिवे सुटले. हांवें पळयले." मी स्वतः बघितले, म्हणजे. आणि घरी निघून गेले. तेवढ्यावर मिटलं.

मला कोण विचारतंय? विचारलं तर मी काय सांगणार? मी तेरा दिवस रोज त्यांच्या उशाशी बसत होते. मला दिसत नव्हतं का? की मला बघायचंच नव्हतं? यादीत टिक होती ना.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बारा दिवस काही लिहिलं नाही. एक बारसं केलं, गणपतनेच केलं खरं तर. रविवारी काकींचं बारावं झालं. काल अर्ध्या वाटेवरून परत फिरले, आज पोचले.

काका ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. डोकं भादरलेलं, एकदम लहान दिसत होते. मी पायरीवरच बसले. येताना पाठ केलेलं सगळं विसरले. "काका, मी तुम्हाला माइकवरून..." एवढंच म्हणाले आणि रडायलाच लागले. चांगली भोकाड पसरून, चाळीस वर्षांची बाई!

त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "तें सोड. एक सांग माका. उदकांतल्यान कसे दिसताले?"

पाण्यातून दिवे कसे दिसत होते, असं विचारत होते ते.

"हांव वईभायर आसलों. माका उजवाड दिसलो, दिवे दिसूंक नात." वई, म्हणजे तळीचं कुंपण. "घरा येवन तिका सांगपाचें आसलें. हांवें मनचेंच सांगलें, अशे गेले, तशे गेले. साठ वर्सां दिवे पळयतां, पूण भायल्यान कधी पळयले नात. बरोबर सांगलें काय ना, खबर ना."

म्हणजे त्या संध्याकाळी ते घरी येऊन तिच्याजवळ बसले होते आणि तिला सांगत होते. ती गेल्यावर.

मी डोळे पुसले आणि सांगायला लागले. पालखी, चंद्र, कुठल्या कोपऱ्यातून दिवे वळले, कुणाचा पुढे गेला, कुणाचा मागे राहिला, सगळं. ते डोळे मिटून ऐकत होते. मध्येच विचारलं, "पालवले किती?"

विझले किती, म्हणजे. मी म्हटलं, "एकही नाही, काका."

त्यांनी डोळे उघडले. "पयल्यांदा उदकांत देंवलें आनी एकूय पालवलो ना?" आणि चक्क हसले. "फटी मारता गो तूं!"

"अकरा," मी म्हटलं. "आणि दोन कलंडले."

"धको दिलो आसतलो."

"हो."

"दिव्याक धको दिवपाचो न्हय. ताचे फाटलें उदक लोटपाचें. मागीर तो आपशीच वता." त्यांनी दोन्ही तळहात मांडीसमोर आडवे धरले आणि हवा पुढे लोटली. दिव्याला धक्का नाही, त्याच्या मागचं पाणी लोटायचं; तिथे पाणी असावं असे हात चालत होते. नखं काळवंडलेली, शेवाळ खरवडून खरवडून. पुन्हा केलं, मग माझ्याकडे बघून थांबले.

मीही हात आडवे धरले आणि लोटून बघितलं.

"सवकाश," काका म्हणाले. "आनीक सवकाश."